सर्टिफिकेटशिवाय माल नाही

डॉक्टर बाहेर आले. "तुम्ही त्यांचे कोण?"

"नवरा."

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला, तेव्हाच मला कळलं... ती गेली.

दवाखान्यातल्या बाकावर बसून राहिलो. रडू आलं नाही. आठवलं ते तिचं हसणं – पहिल्या भेटीत मला हसली होती ते.

मी तेव्हा साइटवर नवा फिटर होतो. तिच्या वडिलांचं पाइपांचं दुकान, काउंटरवर ती. तिच्याकडून दोन इंची पाइप नेला, टेप लावली, तर पन्नासच्या जागी बाहेरून साठ मिलिमीटर भरला. पाइप खांद्यावर टाकून पावसात भिजत परत गेलो.

"दोन इंची मागितला होता. हा कुठला दिलात?"

"दोन इंचीच आहे."

"मोजून बघा!"

"अहो, दोन इंची हे त्याचं नाव आहे, माप नाही. बाहेरून सगळे सारखेच. जाडी वाढली की आतलं भोक लहान होतं. त्या जाडीला शेड्यूल म्हणतात." मी चांगला धिप्पाड. माझ्या ओल्या शर्टाकडे बघत तिने विचारलं, "घरी तुम्हाला काय म्हणतात?"

"बारक्या."

"मग? तुम्हाला कुणी टेप लावली का?" आणि ती हसत सुटली.

त्यानंतर माझं रोज काही ना काही अडायला लागलं.

"तीनशे सोळा नंबरचं स्टील कशाला घ्यायचं?"

"खाऱ्या पाण्याला. तिथे तीनशे चार टिकत नाही. कालच सांगितलं होतं."

"काल नीट ऐकू आलं नाही."

"ऐकत होतात कुठे... बघत होतात."

चांगल्या स्टेनलेस स्टीलला लोहचुंबक चिकटत नाही; एकदा ते तपासायचं लोहचुंबक तिने माझ्या खिशाला टेकवलं. "चिकटत नाही. माल बरा दिसतोय."

मग साइट संपत आली. पुढचं काम लांबच्या गावी होतं. आता बोललो नाही तर ती कायमची मागे राहणार होती.

"माझ्याबरोबर... येशील?"

ती पाइपावरची धूळ पुसत राहिली. "टेस्ट सर्टिफिकेटशिवाय आम्ही माल घेत नाही."

दुसऱ्या दिवशी मी थोरल्या बहिणीलाच घेऊन गेलो. ताई काउंटरला टेकून म्हणाली, "घोरतो. रागावला की जेवत नाही. बाकी कुठे तडा नाही, मी लहानपणापासून बघतेय."

आतल्या खोलीत तिचे वडील मोठ्याने हसले. ती मात्र गंभीर झाली. "येईन. साइटमागून साइट, भाड्याच्या खोल्यांत राहीन. पण शेवटी आपलं घर बांधायचं, आणि त्यातले पाइप मी निवडणार."

"कबूल."

ती आली. प्रत्येक खोलीतल्या गळक्या नळाला नावं ठेवत राहिली, पण राहिली. यंदा घर उभं राहिलं. पाइप तिनेच निवडले, एकेकावरचा शिक्का वाचून घेतला. न्हाणीघरातली लाइन मी जोडली तेव्हा समोर स्टुलावर बसून माझ्या चुका काढत होती.

स्वयंपाकघरातली लाइन जोडायची राहिली आहे.