थांबशील?

चर्च रिकामं आहे असं समजून मी मोकळ्या गळ्यानं एक सूर लावला, आणि वर छताकडून कुणीतरी त्याला उत्तर दिलं.

पुरुषाचा आवाज होता. माझ्या सुराखाली अलगद येऊन बसला… इतका अलगद, की क्षणभर वाटलं माझाच आवाज भिंतींवरून फिरून परत आलाय. मग लक्षात आलं, माझा आवाज काही इतका घोगरा नाही. मी वर पाहिलं. उंच शिडीवर एक तरुण बसला होता आणि फडक्यानं एका लाकडी संताचं नाक पुसत होता.

"काय झालं त्याला, सर्दी?" मी म्हटलं. घाबरले की मी असंच काहीतरी बोलते. आणि बोलले होते माझ्या वेल्श भाषेत, म्हणजे त्याला कळायचा प्रश्नच नव्हता. आम्ही वेल्सची माणसं, आणि हे फ्रान्सचं पार पश्चिमेचं टोक, ब्रिटनी.

पण तो शिडी उतरता उतरता चक्क वेल्शमध्येच म्हणाला, "सर्दी नाही. तुझा सूर ऐकून रडायला लागलाय."

माझे कान तापले. मी जे पळाले ते थेट बसपाशी.

आमच्या खाणगावच्या कॉयरला या लोकांनी गायला बोलावलं होतं. त्यांची जुनी जुनी चर्चं, आमची चार आवाजांतली भजनं. दोन्ही गावांची तशी दोस्ती होती, दर दोन-तीन वर्षांनी येणं-जाणं असायचं. मी मात्र पहिल्यांदाच आले होते. शिडीवरच्या त्या महाशयांचं नाव गुल्वेन. त्याच्या आत्याकडे चर्चच्या किल्ल्या असायच्या. तो स्वतः टूना मासे धरायच्या बोटीवर. सप्टेंबर लागला की आफ्रिकेकडे जायचा आणि कित्येक महिने उगवायचा नाही. मधली दोन वर्षं आमच्याकडच्या बंदरात होड्या बांधायला होता, तिथे वेल्श शिकला. त्याची ब्रेतों भाषा आमच्या भाषेची सख्खी चुलतबहीण, त्यामुळे निम्मी फुकटात आली. आता आठवडाभर आमच्या बसमधून फिरायचं, कुलपं उघडायची आणि आमचं बोलणं इकडून तिकडे पोचवायचं, हे त्याचं काम.

पहिल्याच दिवशी त्यानं स्वतःची फजिती करून घेतली. आमची बस उशिरा पोचली होती आणि बिचारा सकाळपासून ताटकळला होता. तेच त्याला सांगायचं होतं. तर ड्रायव्हरच्या शेजारी उभा राहून, सगळ्यांकडे तोंड करून, छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "मंडळी, तुमच्यामुळे मला दिवस गेले."

बस हसून हसून लोळली. बेस गाणाऱ्या इड्वलकाकांनी अगदी गंभीरपणे विचारलं, कितवा महिना? गुल्वेनला कळेना काय झालं. शेवटी मीच त्याच्या कानात सांगितलं, वाट बघण्याचा आमचा तो शब्द पोटुशी बाईसाठीही वापरतात. तो मानेपर्यंत लाल झाला. त्यानंतर वाट बघण्याचा विषय निघाला की तो शब्दाला वळसा घालून जायचा, आणि ते बघून मला फार हसू यायचं.

आता माझं काम सांगते. आमचे एमलिन मास्तर कुठल्याही चर्चमध्ये कॉयर नेण्याआधी मला एकटीला आत पाठवायचे. "जा गं मेरेरिड, चर्च चाखून ये." म्हणजे आत जाऊन एक सूर सोडायचा आणि दगड तो किती वेळ धरून ठेवतात ते ऐकायचं. लवकर सोडला तर भजन जलद म्हणायचं, धरून ठेवला तर सावकाश. नाहीतर पहिली ओळ विरायच्या आत दुसरी तिच्यावर जाऊन आदळते आणि नुसता गोंगाट होतो.

आणि मला आत सोडायला कुलूप उघडणार कोण? गुल्वेन. म्हणजे प्रत्येक चर्चमध्ये आम्हा दोघांनाच मिळणारी चार-पाच मिनिटं. मास्तरांच्या हे लक्षात आलं नसेल असं मला नाही वाटत.

पहिल्या दिवशी मी एक सूर सोडायचे आणि बाहेर यायचे. मग दोन सोडायला लागले. मग तो म्हणायला लागला, त्या कोपऱ्यात आवाज वेगळा लागतो, तिथून म्हणून बघ. कोपऱ्यात वेगळं काही नसायचं. तिथे फक्त बस दिसायची नाही.

आमची मंडळी साध्या भिंतींच्या चॅपलमधली. या रंगवलेल्या संतांपुढे, दगडात कोरलेल्या हाडांच्या नक्षीपुढे ती जरा अंग चोरून उभी राहायची. मला मात्र ती चर्चं आवडायला लागली. ओल्या दगडाचा वास, विझलेल्या मेणबत्तीचा वास, आणि त्याच्या स्वेटरला येणारा खाऱ्या पाण्याचा वास… मी शहाण्यासारखी छताकडे बघत राहायचे. तो माझ्याकडे.

"मार्हारीद," त्यानं एकदा हाक मारली. माझ्या नावाचं त्यांच्याकडचं रूप.

"माझं नाव मेरेरिड आहे."

"ते बसमधल्यांसाठी."

मी छताकडे बघू लागले. पण त्या संध्याकाळी गाताना मी चुकीच्या ओळीवर श्वास घेतला. शेजारणीनं मला कोपरानं ढोसलं.

आत्याच्या घरी आम्ही काळ्या गव्हाची धिरडी खाल्ली. आत्या कुणाशी फारसं बोलायची नाही. माझ्या ताटात मात्र न विचारता दुसरं धिरडं वाढलं आणि वर लोण्याचा गोळा ठेवला. गुल्वेन तेव्हा खिडकीबाहेर बघत होता, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला सगळं कळत होतं. खरं सांगते, आयुष्यात इतकं सगळं एकदम कधी कळलं नाही मला.

शेवटचं गाणं समुद्राकाठच्या एका छोट्या चॅपलमध्ये होतं. तिथे छतापासून लाकडी जहाजं टांगलेली असतात. वादळातून वाचलेले खलाशी नवस फेडायला देतात. बाहेर पावसाची बारीक भुरभुर होती. दार ढकलताना वारा आत आला आणि सगळी जहाजं हलायला लागली.

मी सूर लावायला तोंड उघडलं, तर त्यानं हात वर करून मला गप्प केलं.

"सप्टेंबरात बोट जायची आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"मार्हारीद… थांबशील?"

एवढंच. पुढे काही नाही. डोळे मात्र माझ्यावर लावले होते. बोटीवर जाणारा माणूस मुलीला विचारतो ते हेच, हे मला माहीत होतं. परत येईपर्यंत थांबशील? सरळ 'वाट बघशील का' म्हणायला तो धजत नाहीये, त्या फजितीनंतर तो शब्दच त्यानं टाकून दिलाय, हेही मला समजलं. माझं मन इतकं भरून आलं, की त्या लाजऱ्या माणसाला तिथल्या तिथे मिठी मारावीशी वाटली.

"थांबेन," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! कितीही थांबेन."

त्यानं माझे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले, आणि आत्याला सांगतो म्हणत तसाच पावसात पळाला. चर्च चाखायचं राहूनच गेलं. मास्तरांनी विचारलं तर मी म्हटलं, सावकाश म्हणू या. त्या दिवशी आम्ही जसं गायलो तसं पुन्हा कधी गायलो नाही, असं इड्वलकाका अजून म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस निघाली, तर गुल्वेन निरोपाला नाही. मला वाईट वाटलं, पण समजून घेतलं. दर्यावर्दी माणसं, त्यांना निरोप घेणं जमत नाही. बस आत्याच्या घरावरून जायला लागली आणि तो दारात दिसला. बाह्या वर केलेल्या, हातात चुन्याचा ब्रश. बस बघून तो पुढे धावला. त्यानं हात उंच केला. मीही खिडकीतून हात उंच केला. काचेपलीकडे त्याचे ओठ हलले — थांब. मी हसत हसत मान डोलावली. हो रे बाबा, थांबेन.

बस वळली. मी रडले, पण सुखानं.

मग मी थांबले. हिवाळा गेला. तेव्हा घरोघरी फोन नव्हते, आणि आफ्रिकेच्या समुद्रातल्या बोटीचा पत्ता मला कोण देणार? बंदराला लागली बोट की लिहील, असं मी स्वतःला सांगायचे. आई विचारायची, कुणाची गं इतकी वाट बघतेस, आणि मी म्हणायचे, पोस्टमनची. वसंतात इड्वलकाका दोन्ही गावांच्या दोस्तीच्या कमिटीच्या कामाला तिकडे निघाले. मी त्यांना गाठलं. म्हटलं, गुल्वेन भेटला तर एवढंच सांगा — मी थांबलेय.

काका परत आले. म्हणाले, सांगितलं.

"मग काय म्हणाला?"

"बरं म्हणाला. आणि जाळी विणत बसला."

मला ते पुरलं. मुलखाचा लाजाळू माणूस, काकांपुढे आणखी काय बोलणार? त्या एका 'बरं'वर मी आणखी एक हिवाळा काढला. शाळेतला एक मास्तर मला मागणी घालून गेला, चांगला होता. त्याला नाही म्हणताना मला जराही जड गेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कॉयरला पुन्हा बोलावणं आलं. मी नवा निळा कोट शिवला. त्या बसमध्ये मी इतकी बडबडत होते, की मास्तर म्हणाले, गळा राख जरा.

पहिल्याच चर्चपाशी तो किल्ली घेऊन उभा होता. शेजारी एक उंच बाई, अंगावर शाल, शालीत तान्हं मूल. त्यानं सगळ्यांशी ओळख करून दिली. ही कातेल, माझी बायको. ती माझ्याकडे बघून छान हसली.

मास्तरांना काय कळायचं! सवयीनं म्हणाले, "जा गं मेरेरिड, चाखून ये."

तो दार उघडून माझ्यामागून आत आला. मी मधोमध उभी राहिले. सूर कुठून लावणार? मला ओरडायचं होतं. का रे, का असं केलंस? पण तोच आधी बोलला, आणि शांतपणे बोलला, ज्याचा राग विझलाय त्या माणसासारखा.

"एकच विचारतो. तू 'थांबेन' का म्हणालीस तेव्हा?"

मला कळेचना.

"तुमच्याकडे बंदरावर होतो ना, तिथली घरमालकीण रोज विचारायची, अजून किती दिवस थांबणार आहेस? तोच शब्द मी वापरला. वाटलं, इतका साधा शब्द, यात तर चूक नाही होणार." तो ओशाळून हसला. "बोट सोडणार होतो मी. कारखान्यात जागाही बघितली होती. आत्यानं रात्रीत वरची खोली रिकामी केली, सकाळी मी चुना मारत होतो. तू बॅग घेऊन येशील म्हणून. आणि बस आली… तू आत. मी ओरडलो, थांब. तू हसून हात हलवलास."

मी बाकाची पाठ घट्ट धरली.

"तरी म्हटलं, घाबरली असेल, येईल. मग तुमचे ते काका आले. म्हणे, मेरेरिड तिकडेच थांबलीय. एवढं सांगायला माणूस कशाला पाठवायचा? ते फार लागलं मला."

त्यांच्या भाषेत वाट बघायला एक शब्द आहे आणि मुक्कामाला राहायला दुसरा. आमच्या भाषेत दोन्हीला एकच, 'थांबणं'. बास, एवढंच झालं होतं. माझ्या ओठांवर आलं होतं सगळं. अरे वेड्या, मी थांबले होते, दोन हिवाळे थांबले, अजूनही थांबलेय… एक वाक्य, आणि त्याला सगळं उमगलं असतं.

आणि मग? मग तो त्या दाराबाहेर कसा गेला असता? बाहेर कातेल बाळाला थोपटत काहीतरी गुणगुणत होती, ते आतपर्यंत ऐकू येत होतं. त्याचा राग विझायला दीड वर्ष लागलं होतं. हे ओझं उतरवायला त्याला उभा जन्म पुरला नसता.

"घाबरले होते रे," मी म्हटलं. "आईला सोडून, घर सोडून… नाही धीर झाला. तोंडावर नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून हो म्हटलं."

इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते, आणि तेही चर्चमध्ये, सगळ्या संतांसमोर.

त्यानं खोल श्वास घेतला. त्याचे खांदे सैल पडले. इतके दिवस अडकलेलं काहीतरी त्याच्या आतून सुटलेलं मला दिसलं.

"मला तेच वाटलं होतं," तो म्हणाला. मग जवळ आला, माझ्या निळ्या कोटाच्या बाहीवर हलकेच थोपटलं. "जाऊ दे, मेरेरिड. मी केव्हाच माफ केलंय तुला."

मेरेरिड म्हणाला. बसमधल्यांचं नाव.

"बरं वाटलं ऐकून," मी म्हटलं.