नावाच्या जागचा भराव

‘खाडीच्या पाण्याला भरतीची घाई,
विश्वासरावांचं नाव घेते, उशीर आता नाही.’

आवाजात हसू होतं, हसण्याआडून बांगड्यांची किणकिण होती. कैक वर्षांपूर्वी कामावर ऐकलेला हा उखाणा शाल्मलीला पीठ मळताना आठवे, केस विंचरताना आठवे, आणि दर वेळी ती त्या नावापाशी अडखळे.

चिपळूणच्या स्मृतिकेंद्रात ती वेग जुळवायचं काम करी. प्रकाशजाळं घरोघरी आल्याला पिढी लोटली होती. काचेच्या तंतूंतून उजेडाच्या वेगानं माहिती धावे, आणि पूर्वजांचे आवाज, फोटो, लग्नं मात्र जुन्या फिरत्या चकत्यांत अडकून पडलेली. त्या चकत्यांच्या तारेवर सहा गिगाबिट असा वेग लिहिलेला असे. पण दर आठ बिटांमागे दोन बिट नुसते तोल धरायला जात. गाण्यात ‘गं बाई’ येतं ना, तसं. अर्थ काही नाही, पण त्याच्याविना ठेका मोडतो. ते वजा केले की सेकंदाला सहाशे मेगाबाइट उरत, आणि म्हाताऱ्या चकतीला त्याचा चौथा हिस्साही झेपत नसे. जाळं त्याच्या हजारो पट वेगानं पळणारं. वाट पाहणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

दोघांच्या मधे ‘सांधक’ बसे. चकती अडखळली की सांधक पुढचं काय असेल ते ताडून पाठवून देई. त्याला ‘भराव’ म्हणत. पद्यात तर त्याचा हात फारच बसलेला, कारण यमक आणि ठेका पुढचा शब्द आधीच सांगून ठेवतात. उखाण्यात फक्त एक गोष्ट ठेक्याला ठाऊक नसते, ती म्हणजे नाव.

सांधकाला ‘सबुरी’ नावाची एक कळ होती. ती दाबली की जाळं थांबे, आणि चकतीला पुन्हा पुन्हा वाचायला उसंत मिळे. ऋतुजाआजी आपल्या आईच्या लग्नाची चकती घेऊन आली त्या दिवशी दाराशी रांग होती, गणपती तोंडावर आले होते. शाल्मलीनं कळ दाबली नाही. उखाणा वाजला. पडद्यावर भराव पिवळा दिसे. ‘विश्वास’ तेवढं पिवळं होतं. मात्रा जुळत होत्या, त्या काळी त्या भागात ते नाव बरंच होतं, एवढाच त्याला आधार.

शाल्मली तोंड उघडणार तोच आजी पदरात तोंड घालून रडायला लागली. तिला जन्म देतानाच आई गेली. त्याआधीच बाप आईला टाकून गेलेला. मामांनी त्याचं नाव घरात कधी उच्चारू दिलं नव्हतं. खाडीवरच्या पुलाच्या कामाला आला होता, इतकंच तिच्या कानावर होतं. सांगू, उद्या सांगू, म्हणत शाल्मली गप्प राहिली, आणि वाचून झालेली चकती नियमाप्रमाणे संध्याकाळी दळून नष्ट करायला गेली.

त्या पुलावर विश्वास नावाचा माणूस एकच निघाला. तो केव्हाच वारला होता, पण त्याचा मुलगा अनिकेत देवगडला होता. रक्त तपासू या, असं कुणी सुचवलं तेव्हा आजी म्हणाली होती, आईच्या तोंडून ऐकल्यावर सुईला काय विचारायचं. जाळ्यानं त्या नावावरून आजीची वंशावळ रचली, आणि वंशावळीच्या जोरावर नावाची खातरी दिली. प्रती काढताना वेळ वाचावा म्हणून पिवळ्या खुणा गाळल्या गेल्या. आता भराव कुठला नि मूळ कुठलं, हे जगात एकट्या शाल्मलीला माहीत होतं.

दर दिवाळीला अनिकेतकडे भाऊबीज करून परतताना आजी तिच्यासाठी करंज्या आणी. यंदाही डबा पुढे सरकवत म्हणाली, “काय गं तारवाले, रोडावलीस. तुझं जाळं तुला जेवू घालत नाही वाटतं?”

मग ती खुर्चीत टेकली. अनिकेतचे आता थोडेच दिवस राहिलेत, असं तिनं सांगितलं. आणि एक गोष्ट तिनं आजवर सांगितली नव्हती. ती त्या घरात पहिल्यांदा गेली त्याच दिवशी अनिकेतनं बापाची तसबीर भिंतीवरून उतरवली होती. गरोदर बायकोला टाकून आलेल्या माणसाला हार घालणार नाही, म्हणाला. तेव्हापासून बापाचं श्राद्ध केलं नाही, घरात बापाचं नाव काढलं नाही.

“काल विचारत होता, बापाला माफ करू का म्हणून. म्हटलं, आधी आईचं बोलणं ऐक. किती मायेनं नाव घेतलंय बघ. लाव गं तेवढं आणि उतरवून दे, त्याच्या कानाशी नेते.”

शाल्मलीनं आवाज लावला. खाडी, भरती, बांगड्या. पडदा स्वच्छ होता, पिवळं कुठेच नव्हतं. नाव आलं आणि आजीनं डोळे मिटून मान डोलावली.

शाल्मलीनं यंत्र बंद केलं.

“आजी, हे त्यांना ऐकवू नका.”

“का गं?”

“ते नाव तुमच्या आईनं घेतलेलं नाही. त्या जागी चकती अडखळली होती, ते यंत्रानं भरलं. मला त्याच दिवशी दिसलं होतं.”

आजीचा हात करंज्यांच्या डब्यावर होता तसाच राहिला. तिनं विचारलं, “मग अनिकेतच्या बापानं आईला टाकलं नव्हतं?”

“माहीत नाही. तो तुमचाही बाप असेल, नसेलही. जरा थांबून पुन्हा वाचली असती, तर खरं नाव कदाचित त्या चकतीत मिळालं असतं, आजी. ती मी दळायला दिली.”