सात दगडांचा धूर

आशाने बापाच्या बोटाला लावलेलं यंत्र पाहिलं. ऑक्सिजन ब्याऐंशी. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. या टेकाडावरून नंदुरबारचा दवाखाना साडेतीन तास.

"बा, चल आता."

"आणि धूर कोण करेल?" नवलसिंग म्हणाला.

झोपडीमागे शेंदूर फासलेले सात दगड होते, प्रत्येकावर पंख पसरलेलं विमान कोरलेलं. आशाचा पणजोबा दलसिंग मोठ्या लढाईत, दुसऱ्या महायुद्धात, आसामात हमालीला गेला होता. बर्फाच्या डोंगरांवरून चीनला माल नेणारी विमानं तो भरायचा. ओळखीचे झालेले सात वैमानिक ढगात गेले ते परतलेच नाहीत. गावी आल्यावर त्याने त्यांचे दगड बसवले. परमुलखात अवचित मेलेल्याचा दगड बसवायचा, दारूची धार सोडायची, नाव घेऊन घरी बोलवायचं, ही पाड्याची रीत. दलसिंगाने ती परक्यांना लावली.

"बोलावलंस खरं," म्हातारे त्याला म्हणाले होते, "पण उतरवशील कुठं?"

टेकाडावर खाट नीट बसेल एवढीही सपाटी नव्हती.

तेव्हापासून धुकं आलं की घरातलं एकजण दगडांपाशी ओला पाला जाळी. इथं डोंगर आहे हे वरच्यांना कळावं म्हणून. नवलसिंग एकतीस वर्षांत एकही पावसाळा खाली राहिला नव्हता.

धुक्यात धूर दिसत नाही, हे आशाने शाळेत असतानाच बापाला सांगितलं होतं. "दिसत नाही, पण वास जातो," एवढंच तो म्हणाला होता.

"मी थांबते," आशा आता म्हणाली. ती खोटं बोलत होती. सोमवारी तिला नाशिकच्या माती तपासणी प्रयोगशाळेत हजर व्हायचं होतं, तिची पहिली नोकरी.

नवलसिंगाने धार सोडली. सातही दगडांना एकेक करून आशाचं नाव सांगितलं. मग तिच्या धाकट्या भावाच्या, राजेंद्रच्या खांद्यावर हात टाकून तो जीपकडे गेला.

"मन्ही जीपले पंख नहीत, बाबा," ड्रायव्हर नवनीत म्हणाला, "पन पोचाडसू."

दोन वाजता राजेंद्रचा फोन आला. भरती केलं, ऑक्सिजन एक्याण्णव. आशाने पिशवी खांद्याला लावली आणि पायवाटेला लागली. तेवढ्यात दरीतून धुकं चढलं.

मग घरघर ऐकू आली. पंप असेल, असं तिला वाटलं. टेकाडावर वीज नव्हती. विमानतळाकडे निघालेलं विमान सरळ जातं. हा आवाज गोल फिरत होता. तिने घड्याळ लावलं. एक फेरी अठ्ठेचाळीस सेकंद. दुसरी चव्वेचाळीस. तिसरी एकोणचाळीस. पेट्रोलचा वास आला.

फोन वाजला.

"ताई, बाचा श्वास अडकतोय. नळी लावलीय तरी अडुसष्ट!"

ती वर धावली. चुलीतले निखारे दगडांपुढे ओतले, पाला लोटला. धूर उठला. आवाज हळूहळू उंच गेला.

"पंच्याऐंशी," राजेंद्र म्हणाला. "ब्याण्णव. अगं, तो पाणी मागतोय!"

एकदा घडलं तर योगायोग. आशा हे शिकली होती. तिने फोन चालूच ठेवला, काठीने पाला बाजूला सारला आणि मोजू लागली.

एकवीसला आवाज खाली आला.

तिसाला झोपडीची कौलं थरथरली.

"ताई, एकोणसाठ! तू ऐकतेयस ना?"

तिने हातांनीच पाला परत लोटला. बोटं भाजली. दुसऱ्यांदा तिने पाला बाजूला सारून पाहिला नाही.

सव्वापाचला धुकं तसंच होतं. राजेंद्रचा आवाज मात्र हलका झाला होता. सत्त्याण्णव. बा भाकर खाऊन झोपलाय. डॉक्टर म्हणतात, दोन दिवसांत सोडू.

"तू उद्या उतरतेस ना?"

आशाने सोमवारपर्यंतचा पाला नजरेनं मोजला. "बा मला काही बोलला?"

"तुझं नाव सांगून झालंय म्हणाला. आता ते सातजण त्याचं ऐकणार नाहीत." राजेंद्रने आवाज खाली आणला. "ताई, इथं छत्तीस डिग्री आहे. पंखाही बंद आहे. नर्स मला विचारतेय, मी काय सांगू?"

"काय विचारतेय?"

"बाच्या मिशीवर बर्फ कुठून आलं."