संथमीन

संथमिनांना खायला घालायचा दिवस नीलांबरीच्या घरी सणासारखा उजाडायचा, कारण तो तीन महिन्यांतून एकदाच यायचा. टाकीतल्या पाच सोनेरी माशांपुढे ती अलगद तरंगणाऱ्या गोळ्या सोडायची आणि लाल कोळंब्यांनी त्या पळवू नयेत म्हणून हातात जाळी घेऊन उभी राहायची. एक घास गिळायला माशाला इतका वेळ लागे की तेवढ्यात तिचा चहा उकळून, गार होऊन, पुन्हा गरम करून व्हायचा.

पाळलेले मासे चार-दोन वर्षांत मरतात आणि घरातली पोरं रडतात, यावर शास्त्रज्ञांनी काढलेला हा तोडगा. संथक नावाचं औषध शरीरातल्या प्रत्येक पेशीचा कारभार शंभरपट मंद करतं. श्वास, पचन, म्हातारपण, सगळं. असा मासा नातवंडांच्या नातवंडांनाही पुरतो. टाकीतलं पाणी मात्र आपल्याच वेगाने खराब होतं. ते बदलणं, काच पुसणं, गाळणी धुणं नीलांबरीला अकरा वर्षांत कधी चुकलं नव्हतं. माशांच्या अंगावर धरणारं शेवाळ त्या चपळ कोळंब्या खुडून खात.

टाकीसमोरच्या पलंगावर तिचा नवरा हृषीकेश पडून असे. त्याचे स्नायू एकेक करून दगा देत चालले होते. आता मान आणि जीभ तेवढी ताब्यात होती. मिरजेच्या डॉक्टरांनी फार तर एक वर्ष सांगितलं होतं. पण हल्ली संथक माणसांनाही देऊ लागले होते. रोग बरा होत नसे, थोपून राही, आणि तोवर एखादं औषध सापडेल अशी आशा. हृषीकेश तयार होता. नीलांबरीचंही मन होत आलं होतं.

तेवढ्यात माशांचं काहीतरी बिनसलं. पाचही मासे टाकीच्या एकाच बाजूला काचेला तोंड लावून राहिले, आणि खायच्या दिवशीही तिथून हलेनात. तिने घाबरून डॉक्टर ओवी खोपकरला बोलावलं. संथक शोधणाऱ्या प्रयोगशाळेतली ही तरुण पोरगी शेजारच्याच गल्लीत राहायची.

ओवीने पाणी तपासलं, मासे न्याहाळले आणि हसली. "ठणठणीत आहेत, मावशी. ते काकांकडे बघताहेत."

"ह्याच्याकडे? का?"

"पंखा जोरात फिरताना त्याची पाती दिसतात तुम्हाला? नाही ना, नुसती धूसर चकती दिसते. आपल्या डोळ्यांना तेवढा वेग झेपत नाही. माशांचे डोळे तर शंभरपट मंद झालेत. चालतं-फिरतं माणूस त्यांना दिसतच नाही. जे तासन्‌तास एका जागी असतं, तेवढंच दिसतं."

"आणि मी?"

ओवी घुटमळली. "तुम्ही सतत काहीतरी करत असता, मावशी."

संध्याकाळी हृषीकेशला पेज भरवताना नीलांबरीचा हात थांबला. "औषध घेतल्यावर तुलाही मी दिसणार नाही."

"बसलीस तर दिसशील," तो अडखळत म्हणाला. "पण नीलू, जन्मात कधी बसलीयस का तू?"

ती हसली आणि हसता हसता रडली. दुसऱ्या दिवसापासून दुपारची कामं टाकून ती टाकीच्या दुसऱ्या बाजूला खुर्ची ओढून बसू लागली. नाकाला खाज सुटली तरी हलायचं नाही. फोन वाजला तरी वाजू द्यायचा. आठवडा होत आला तेव्हा एका माशाने वळायला सुरुवात केली. ऊन भिंतीवरून उतरेस्तोवर तो तिच्या समोर आला होता. काळाभोर गोल डोळा तिच्यावर खिळला होता. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

तिने हृषीकेशला सांगितलं, "घे औषध."

पुढचे महिने शांततेत गेले. ती त्याचं अंग पुसायची, कूस बदलायची, नळीतून अन्न द्यायची आणि रोज दुपारी तासभर त्याच्यासमोर निश्चल बसायची. अधूनमधून त्याच्या ओठांना किंचित हालचाल होई आणि छातीतून दूरच्या गिरणीसारखी घरघर येई. एकदा ओवीने ती घरघर ध्वनिमुद्रित करून नेली आणि शंभरपट वेगाने ऐकण्याची सोय करून परत आणली. हृषीकेशचाच आवाज होता.

"नीलू, कुठे गेलीस? मघाशी इथेच होतीस ना... पुन्हा एकटं टाकून गेलीस."

नीलांबरी थिजली. "मी कुठे गेले? दिवसरात्र इथेच आहे की! रोज तासभर समोर बसते."

"तो तास त्यांना अर्ध्या मिनिटाएवढा वाटतो, मावशी," ओवी हळूच म्हणाली. "मग पुढचा पाव तास खोली रिकामी."

मग नीलांबरीने नवऱ्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. त्याला ते कळणार नव्हतं.

"ओवी, ते औषध मला दे."

"मावशी! तुम्हाला काही झालेलं नाही. आणि तुम्हीही अशा झालात तर दोघांचं करायचं कुणी? भरवायचं कुणी? माशांचं पाणी?"

नीलांबरी तिच्याकडे बघून मायेने हसली.

"येशील गं तू. नाहीतर तुझ्यामागून दुसरं कुणीतरी. आम्हाला दिसणार नाही, एवढंच."