कड्याकडची साद

ओपलला तो रानटर्की पक्ष्याचा नर हवा होता आणि त्याला बोलवायला मी हवा होतो. नेम तिचा माझ्यापेक्षा चांगला. पण टर्कीच्या मादीचा आवाज काढणं तिला कधी जमलं नाही. माझा थोरला भाऊ डेल्बर्ट, म्हणजे तिचा नवरा, चार वसंत त्या एका नराच्या मागे होता. पाचव्या वसंतात, तो नर राहायचा त्याच डोंगरधारेवरच्या कड्यावरून डेल्बर्ट पडून गेला. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

"तो पक्षी एकदा घरी आणू, हार्लन," ती म्हणाली. "मग हा डोंगर मला परत बघायचा नाही."

तिला नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. कारण त्या सकाळी डेल्बर्टला कड्याकडे ओढणारी साद माझी होती. धुकं होतं, पक्षी गप्प होते, मला कंटाळा आला होता. म्हटलं, त्याची जरा फिरकी घ्यावी. घळीपलीकडच्या चढावर बसून मी मादीसारखी साद घातली. थोड्या वेळाने दगड घरंगळल्याचा आवाज आला. मी दुसऱ्याच खोऱ्यात होतो, असं मी सगळ्यांना सांगितलं. ओपललाही.

आमच्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात एप्रिलची पहाट हाडं गोठवते. ओढा फुगलेला होता; बंदुका डोक्यावर धरून आम्ही मांडीभर पाण्यातून पलीकडे गेलो. पुढे लॉरेलची दाट झुडपं. तिथून रांगतच जावं लागलं.

"तुझ्या खिशात काय सळसळतंय?" ओपल कुजबुजली.

"सॉसेज-बिस्किट. कागदात आहे."

"खाऊन टाक नाहीतर फेकून दे. त्या पक्ष्याने डेल्बर्टला चार वर्षं नाचवलं. तुझा हा कागद त्याला लगेच ऐकू जाईल!"

मी ते थंडगार, पावासारखं बिस्किट दोन घासांत गिळलं. ती हसली. मी तिच्याकडे न बघता पुढे रांगू लागलो.

धारेवर पोचलो तेव्हा पूर्वेला जेमतेम फटफटत होतं. मी तोंडाशी हात धरून घुबडासारखा घुमलो. झाडावर निजलेल्या नराला घुबडाचा राग येतो आणि तो जागेवरूनच उत्तर देतो. उत्तर आलं! घोगरा, लांबलचक गुडगुडाट, बरोबर कड्याच्या बाजूने. एका जाड ओक झाडाला पाठ लावून आम्ही बसलो. ओपलने बंदूक गुडघ्यावर टेकवली.

मी साद घालायची लाकडी डबी काढली, झाकणाला खडू घासला आणि झाकण कडेवरून ओढून हलकी साद घातली. दोन वर्षांत पहिल्यांदा. नर गुडगुडला. पंख फडफडले, तो जमिनीवर उतरला होता. मी पुन्हा साद घातली. तो आणखी जवळून बोलला.

मग धुक्यातून तिसराच आवाज आला.

तीही लाकडी डबीच होती. तिसऱ्या हाकेला बसका होणारा तो आवाज मी झोपेतही ओळखला असता, कारण डेल्बर्टच्या डबीला चीर होती. ती डबी ओपलने स्वतःच्या हाताने त्याच्या शवपेटीत ठेवली होती.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"नरच ना? येतोय. हलू नकोस."

आवाज पुन्हा आला. सादेमागे माणसाने जायचं नसतं. साद घालायची आणि बसून राहायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी उठलो. मागून ओपल दबक्या आवाजात शिव्या घालत होती. मी चालत राहिलो. साद पुढे, आणखी थोडी पुढे. मला डेल्बर्टची माफी मागायची होती, एवढंच डोक्यात होतं.

पायाखाली शेवाळ आलं. पाय सटकला! बंदूक गेली. कंबरेपर्यंत मी हवेत होतो. हाताला एक मूळ लागलं. ते सुटायला लागलं. तेवढ्यात कॉलरला हिसका बसला.

ओपलने मला वर ओढलं. दोघंही पालापाचोळ्यात पालथे पडलो. तिची बंदूक मागे झाडाशी राहिली होती. आणि वीस पावलांवर तो नर उभा होता, शेपूट पसरून, छातीवरचा झुपका जवळजवळ जमिनीला टेकलेला. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि सावकाश धुक्यात निघून गेला. ओपल बंदुकीकडे गेली नाही. तिने माझी कॉलर सोडली नव्हती.

मग मी सांगितलं. सगळं. फिरकी, दगडांचा आवाज, खोटं बोललेलं.

तिने माझी कॉलर सोडली. मग म्हणाली, "दोन वर्षं दर रविवारी माझ्या टेबलावर जेवलास तू."

"हो."

"खोटारडा आहेस."

"हो."

तिने बाहीने डोळे पुसले. "आणि तो फसला असं वाटतं तुला? वेडा आहेस. तू शेवटची हाक लांबवतोस, खरी मादी तसं करत नाही. घरी येऊन तुझी नक्कल करायचा तो. स्वयंपाकघरात उभा राहून. मी हसून हसून दमायचे. साद तुझी आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं."

"मग तो आला कशाला?"

ओपल कड्याकडे बघत होती.

"तू बोलावलंस म्हणून," ती म्हणाली.