मिस्टर वीडेनाउंच्या कानांची तपासणी

भुताची गोष्ट म्हटली की या पेजवर सगळ्यांना अमावास्येची रात्र हवी असते. माझ्याकडे ती नाही. माझ्याकडे गुरुवार आहे, ऑगस्ट २०१४, सकाळचे अकरा. जागा न्यूझीलंडमधल्या मनुरेवातलं कानाचं क्लिनिक, शेजारी फिश अँड चिप्सचं दुकान.

थापच मारायची असती, तर जरा बरी जागा निवडली असती.

मी नीलांबरी. मूळची पुण्याची. ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे कोणाला किती ऐकू येतं ते तपासते.

त्या दिवशी एक्क्याण्णव वर्षांचे एक जर्मन आजोबा आले. हॉर्स्ट वीडेनाउ. डोक्याला लोकरी टोपी, हातात काठी, सोबत साठीची मुलगी इंग्रिड.

त्यांच्याआधी वकिलाची फाइल आली होती. ती मी आदल्या दिवशी वाचली होती.

वाचायला नको होती.

१९४४चा हिवाळा. महायुद्धात जर्मन सैन्याने पूर्वेकडच्या एका गावात बेचाळीस माणसांना बटाट्यांच्या तळघरात कोंडलं. बाहेरून कुलूप. दारात एकच पहारेकरी आणि किल्ली त्याच्या खिशात. तिसऱ्या दिवशी दार उघडलं, तेव्हा आत कोणीच जिवंत नव्हतं.

तो पहारेकरी म्हणजे हे आजोबा.

१९६१ साली जर्मनीत त्यांच्यावर खटला झाला. ते म्हणाले, "आत माणसं आहेत हे मला माहीतच नव्हतं. तोफांनी माझे कान गेले होते. मला काही ऐकू आलं नाही."

पुराव्याअभावी खटला मध्येच बंद झाला. तीन वर्षांनी ते न्यूझीलंडला आले. सुतारकाम केलं, मुलगी वाढवली, चर्चची बाकं दुरुस्त केली. सगळे त्यांना चांगला माणूस म्हणायचे.

आता जुने कागद सापडले होते आणि खटला पुन्हा उघडला होता. आजोबांची नजर गेलेली, त्यामुळे वाचता येत नव्हतं. राहिले कान. कानाचं मशीन लावून त्यांना कोर्टातलं बोलणं कळेल का, एवढंच मला लिहायचं होतं. कळेल म्हटलं तर खटला उभा राहणार. नाही म्हटलं तर कायमचा बंद.

इंग्रिडने माझा हात धरला. "ही इज माय डॅड. मशीन जे सांगेल तेवढंच लिही. प्लीज."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

आमचा तपासणीचा बूथ कपाटापेक्षा थोडा मोठा. जाड दार, भिंतीत आवाज गिळणारा थर. पेशंट हेडफोन लावून आत बसतो, हातात एक बटण. मी बाहेरून टोन, म्हणजे एकेक सूर, देते. तो ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. दाबलं की माझ्या मशीनवर लाल दिवा लागतो.

मी दार लावलं. टोन द्यायला लागले.

दिवा लागला नाही.

आवाज वाढवला. आणखी वाढवला. तुमच्याआमच्या कानांना सहन होणार नाही, इतका.

काहीच नाही.

माणूस खरंच बहिरा होता. मी टोन बंद केला आणि आकडे लिहायला घेतले.

आणि...

लाल दिवा लागला.

तीनदा. मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा तीनदा.

मी मशीनकडे बघितलं. टोन बंदच होता. हेडफोनमध्ये काहीही जात नव्हतं. म्हटलं, म्हातारा हात आहे, थरथरत असेल. काचेतून बघितलं. हात स्थिर होता. ते मान खाली घालून, अगदी मन लावून बटण दाबत होते.

मी दार उघडलं. टोन ऐकू येत नसले, तरी त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडलं की दोन-चार शब्द पोचायचे. मी ओरडून विचारलं, "का दाबताय? मी काही वाजवलं नाही!"

"तू नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "ते ठोकतायत. मी दाबलं की जरा वेळ थांबतात."

"कधीपासून ठोकतायत?"

"तेव्हापासून."

माझ्या पाठीमागे इंग्रिड उभी होती. "लहानपणी मी विचारायचे, डॅड रात्री भिंतीला कान लावून का उभा असतो," ती म्हणाली. "मम्मी म्हणायची, पाण्याचे पाइप वाजतात."

ती दोघं गेली. मी रिपोर्ट लिहिला नाही. उद्या लिहू म्हटलं.

आमच्या कामात एक रीत आहे. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी आपण स्वतः बूथमध्ये बसायचं, सगळं ठीक वाजतंय ना ते ऐकायचं. शुक्रवारी सकाळी मी तशी बसले. दार लावलं, हेडफोन लावले. टोन नीट होते. हेडफोन काढले.

त्या बूथमध्ये स्वतःचा श्वाससुद्धा मोठा वाटतो.

आणि मग...

ठक. ठक. ठक.

दारावर नाही. भिंतीतून. खालून, माझ्या घोट्यांपाशी. कोणीतरी जमिनीवर पडल्या पडल्या ठोकत असावं, तसं.

थोडा वेळ शांत.

ठक. ठक. ठक. या वेळी आणखी हळू.

मी धडपडत बाहेर आले. यतीन, माझा मुंबईचा ज्युनिअर, रिसेप्शनवर चहा पीत होता. "काय झालं नीलाताई? भूत बघितल्यासारखा चेहरा का?"

मी हसले. रिपोर्टचा फॉर्म ओढून घेतला.

रिपोर्टच्या फॉर्मवर शेवटी एक प्रश्न असतो. ही चाचणी विश्वासार्ह वाटते का? 'नाही'वर खूण केली असती, तर दुसऱ्या तज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी झाली असती. फाइल उघडी राहिली असती. पण कारण लिहावं लागलं असतं. टोन नसताना पेशंट बटण दाबतो, हे लिहावं लागलं असतं. त्यांचं बोलणं लिहावं लागलं असतं. त्या महिन्यात माझा रेसिडेन्सीचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीचा, अर्ज आत होता. वेडी ठरले तर काय, ही भीती होती.

मी 'हो'वर खूण केली. रुग्णाला ऐकू येत नाही, असं लिहिलं. खाली सही केली.

ऑक्टोबरात खटला बंद झाला. पेपरात छोटी बातमी आली. त्या गावातल्या एका म्हातारीचं बोलणं त्यात होतं. तिचा भाऊ त्या तळघरात होता. ती तेव्हा आठ वर्षांची. ती म्हणाली होती, "मला रस्त्यावरून ठोकणं ऐकू येत होतं. तो पहारेकरी तर दारात उभा होता."

ती बातमी मी तीनदा वाचली. मग जेवले नाही.

मार्चमध्ये आजोबा झोपेतच गेले. शांतपणे, असं इंग्रिडने कळवलं. मला वाटलं, संपलं.

एप्रिलमध्ये कोपऱ्यावरच्या डेअरीचे विश्वनाथकाका कान तपासायला आले. बाहेर येताच म्हणाले, "अगं, मधेच दार कोण वाजवत होतं? उघडायचं तरी!"

बाहेर कोणीच नव्हतं.

मग असे पेशंट येतच राहिले. कोणी म्हणायचं पाइप, कोणी म्हणायचं शेजारचं दुकान. मी प्रत्येक वेळी त्यांचं ते जादा दाबणं खोडून टाकत होते. तशीच पद्धत आहे.

२०१६ मध्ये यतीन म्हणाला, "ताई, तुमची स्वतःची चाचणी कधीची राहिलीय. आज मी घेतो."

मी आत बसले. टोन आले, मी दाबत गेले. मग टोन थांबले.

आणि...

ते सुरू झालं. इतकं जवळून मी ते कधीच ऐकलं नव्हतं. तीन. मग शांत. तीन. मग शांत. माझा अंगठा आपोआप बटण दाबत होता. आजोबा म्हणाले होते ते खरं होतं. दाबलं की थांबतं. थोडा वेळ.

यतीनने दार उघडलं. "ताई, मी दोन मिनिटं काहीच वाजवलं नाहीये. तुम्ही सारख्या दाबताय. काय ऐकू येत होतं?"

एकदा तरी कोणालातरी सांगायची वेळ आली होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "काही नाही रे. मला काही ऐकू आलं नाही."

कोणाचं वाक्य होतं ते, हे माझं मलाच बोलल्यावर कळलं.

आतलं ठोकणं त्याच क्षणी थांबलं.

आता २०१९ आहे. मी वेलिंग्टनला असते. क्लिनिक दुसरं, बूथ दुसरा. यतीन अजून मनुरेवातच आहे. तो म्हणतो, आता तिथे कोणी तक्रार करत नाही.

मी मात्र रोज सकाळी टोन तपासून झाल्यावर पाच मिनिटं जास्त बसते. हेडफोन काढते, वाकून भिंतीच्या खालच्या भागाला कान लावते. या वेळी आवाज आला, तर सगळं लिहीन. नावानिशी लिहीन. पेपरातली ती म्हातारी अजून असेल, तर तिला पाठवीन.

तीन वर्षं झाली.

कोणी ठोकत नाही.