हलतं तेवढंच

कॅसेट दुरुस्त करणाऱ्या काकांकडे मी एवढंच विचारायला गेले होते, की घरातली जुनी व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर जपून ठेवायची तर कुठल्या फॉरमॅटमध्ये. लग्नाला दीड महिना झाला होता. नव्या घरात फार बोलावं लागू नये म्हणून असली कामं मी आपणहून अंगावर घेत होते.

कॅसेट एकच. नवरा सात महिन्यांचा असताना सासऱ्यांनी काढलेली. त्यानंतर महिन्याभरात सासूबाई गेल्या. आईचा आवाज कसा होता हे नवऱ्याला ठाऊक नाही, आणि सासरे त्यांच्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. जो काही आवाज उरला होता, तो त्या कॅसेटमध्ये.

काकांनी झाकण उचकटलं आणि मान मागे घेतली. रिळावर पांढरी बुरशी, मांजराच्या पोटावरच्या लवेसारखी दाट. वास ओल्या मोज्यांचा, आणि त्याच्याआड कुठेतरी नासलेल्या दुधाचा.

"ही एकदाच लागेल," ते म्हणाले. "लावली की थर खरवडून निघणार. तेव्हा फॉरमॅट आधी ठरवा, लहान की मोठा."

"फरक काय?"

"लहान आळशी. चित्रात जे हलत नाही ते एकदाच लिहितो आणि पुढे त्यावरच भागवतो. हलतं तेवढंच नव्याने लिहितो. मोठा आमच्या हिच्यासारखा, काही म्हणता काही टाकत नाही."

मी मोठा ठरवला. काकांनी प्लेअर उसना दिला, पण साफसफाई माझ्यावर ढकलली.

भर दुपारी बाल्कनीत बसून स्पिरिटच्या कापसाने मी टेप पुसली. बुरशी सुकी असते अशी माझी समजूत होती. ही ओली होती. आणि कोमट. कापसाला चिकटून तिला तार सुटायची, सर्दी झालेल्या नाकासारखी. हात तीनदा धुतले तरी नखांतला वास जाईना. जेवताना घासाच्या आधी तोच तोंडाशी यायचा.

रविवारी सकाळी प्लेअर कॉम्प्युटरला जोडून कॅसेट लावली. सासरे चपला घालून बाहेर निघून गेले.

पडद्यावर आमचीच खोली, जी आता आम्हा दोघांना दिली आहे. पलंगावर सासूबाई, मांडीवर बाळ. मागे कपाटाच्या वर भिंतीला तळहाताएवढा ओलीचा डाग. चाळीस मिनिटं त्या जवळजवळ हलल्याच नाहीत. अगदी शेवटी, ओठ न हलवता बोलल्यासारखं, एकच वाक्य.

"अहो... तो पुसा ना."

नवरा हसला, मग रडला. "शेंबूड आला असणार मला. आईचं एवढं एकच वाक्य, आणि तेही माझ्या शेंबडावर."

मीही हसले. प्लेअर उघडला तर टेपचा थर आत गाळासारखा साचला होता.

आत्याबाईंना फोनवर पाठवायला त्याला लहान प्रत हवी होती. दुसऱ्या दिवशी मी ती केली, आणि नीट झाली का ते पाहायला बसले. भिंत, पलंग, कपाट, सगळं थिजलेलं. सासूबाईंचा चेहरा वितळलेल्या मेणासारखा सपाट. स्वच्छ दिसत होत्या त्या दोनच गोष्टी. बाळाच्या मुठी... आणि डाग.

मी काकांना फोन लावला. "लहान प्रतीत भिंतीवरचा डाग एवढा स्पष्ट कसा आला?"

"हलत असेल."

"भिंतीवरचा डाग आहे, काका."

"फाईलला काय माहीत भिंत?" ते म्हणाले. "हलतं तेच ती लिहिते, बाई."

मी पहिलं चित्र आणि शेवटचं चित्र शेजारी शेजारी उघडलं. पहिल्यात डाग कपाटाच्या वर. शेवटच्यात सासूबाईंच्या कानामागे, कडेने पांढरी लव फुटलेली, आणि त्या लवेचं टोक बाळाकडे.

सासरे दारात उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

"पुसायचो मी," ते हळूच म्हणाले. "रोज. टॉवेलच्या टॉवेल फेकून दिले... त्याला ते पुन्हा दाखवू नकोस."

"बाबा, पण आवाज? त्याच्याकडे आईचं दुसरं काहीच नाही."

ते कॉम्प्युटरकडे वळले. "आवाजात तो येणार नाही," म्हणाले. "कसा येईल..."

मी नुसता आवाज वेगळा काढून ठेवला. चित्राच्या दोन्ही फाईली पुसल्या, कॅसेट कचऱ्यात दिली. चित्र आपोआप खराब झालं, असं नवऱ्याला सांगितलं. लग्नानंतरचं माझं पहिलं खोटं. दोन दिवस तो धुसफुसला, मग आवाजावर समाधान मानलं.

आता तो रोज संध्याकाळी इअरफोन घालून, डोळे मिटून पडतो. काल मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होते. त्याने एक इअरफोन काढून उशीवर ठेवला. जाळीवर पांढरी लव होती. ओली. खोलीभर नासलेल्या दुधाचा वास पसरला.

डोळे न उघडता त्याने कान माझ्याकडे वळवला.

"अगं..." तो म्हणाला, ओठ न हलवता. "तो पूस ना."